यजमानाच्या घरचे उंबरठे

उन्हाळी पॅरालिम्पिक स्पर्धांचे यजमानपद दोनदा पत्करणारे जगातील पहिले नगर टोकियो होय. पहिल्या खेपेस 1964 च्या नोव्हेंबरात, 8 तारखेपासून 12 तारखेपर्यंत, आणि दुसऱ्या खेपेस, महामारीने एक वर्ष पुढे ढकललेल्या आणि रिकाम्या प्रेक्षागारांसमोर उरकून घेतलेल्या 2021 च्या स्पर्धेत, 24 ऑगस्टपासून 5 सप्टेंबरपर्यंत. अपंगांच्या क्रीडामहोत्सवाचा यजमान नगराच्या समाजजीवनावर कोणता परिणाम होतो आणि तेथील रहिवाशांना तो कसा दिसतो, याचा विचार करू पाहणाऱ्यास याहून सोयीचे स्थळ सापडणे कठीण. कारण अन्यत्र हा प्रश्न स्पर्धा आटोपून महिना-दोन महिने होतात न होतात तोच विचारला जातो, आणि मांडवाबाहेर पडणाऱ्या पाहुण्यास खुद्द यजमानाने जेवण कसे झाले म्हणून विचारावे, तशीच त्याची उत्तरेही पदरात पडतात: नगराचा अभिमान वाटला, गर्दी झाली खरी पण सोसली, खर्च अंमळ जास्त झाला, आणि हो, अपंगांकडे पाहण्याची आमची दृष्टी पार बदलली. टोकियोत मात्र दोन उत्सवांच्या मध्ये सत्तावन्न वर्षे उभी आहेत आणि ती वर्षे इतकी भिडस्त नाहीत.

पहिल्या उत्सवाचा थाट आजच्या मानाने लहानसाच होता. ऑक्टोबरातले ऑलिम्पिक संपून पाहुणे पांगले होते; योयोगीच्या क्रीडाग्रामातील घरांच्या पायऱ्यांवर फळ्यांचे उतार बसविण्यात आले, आणि एकवीस देशांतले पावणेचारशेच्या आसपास खेळाडू, सगळेच चाकांच्या खुर्चीवर बसणारे, तेथे येऊन उतरले. युवराज अकिहितो आणि युवराज्ञी मिचिको यांनी या स्पर्धेत जातीने लक्ष घातले. परभाषा जाणणाऱ्या तरुण-तरुणींचे एक स्वयंसेवक पथक रेडक्रॉसच्या झेंड्याखाली उभे राहिले. यजमान देशाचे त्रेपन्न खेळाडू होते, आणि त्यांपैकी बहुतेक घरून नव्हे तर इस्पितळांतून आणि आरोग्यधामांतून आणलेले होते. पाठीच्या कण्यास इजा झाली की उरलेले आयुष्य खाटेवर काढावयाचे, हा त्या काळच्या जपानचा अलिखित कायदा होता. त्या खाटांवरून उठून आलेल्या मंडळींनी आणि त्यांना पाहावयास जमलेल्या नगरवासीयांनी जे पाहिले ते पदकांहून मोठे होते: परदेशी खेळाडू नोकरीधंदा करणारे होते, विवाहित होते, संध्याकाळी नटूनथटून बाजारहाट करावयास बाहेर पडत होते, आणि आपल्याकडे कोणी टक लावून पाहिले तर हसून हात हलवीत होते. त्या पाच दिवसांत टोकियोस काही समजले असेल तर ते एवढेच की, अपंगत्व ही व्याधी नसून व्यवस्थेचा प्रश्न आहे. पण समजणे निराळे आणि वळणे निराळे.

त्या यजमानपदाचे मोल कमी लेखू नये. पुढच्या काळात कित्येक नगरांनी ऑलिम्पिकचा मान घेऊन या धाकट्या स्पर्धेस दाराबाहेर ठेवले. 1968 साली मेक्सिको सिटीने नकार दिला म्हणून ती तेल अवीव येथे भरली. 1980 साली मॉस्कोने नाकारल्यावर आर्नेमने आसरा दिला. 1972 साली तर म्युनिकमधील क्रीडाग्रामाच्या इमारती ऑलिम्पिकनंतर लगोलग खाजगी घरांसाठी मोकळ्या करून द्यावयाच्या होत्या, एवढ्या कारणावरून अपंगांची स्पर्धा हायडेलबर्ग येथे हलविण्यात आली. आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान मुरलीकांत पेटकर यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारतास पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले ते या हायडेलबर्गात.

टोकियोच्या पहिल्या स्पर्धेचा खरा सूत्रधार राजधानीतला नव्हताच. डॉ. युताका नाकामुरा हे क्यूशू बेटावरील ओइता प्रांताचे अस्थिशल्यविशारद. 1960 साली ते इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे गेले आणि तेथे लुडविग गुटमान यांनी कण्याच्या रुग्णांना खेळाच्या योगे संसारात परत धाडण्याचा जो उद्योग मांडला होता, तो पाहून आले. परतल्यावर पुढल्याच वर्षी त्यांनी ओइतात अपंगांचे क्रीडासंमेलन भरविले, तेव्हा या दुबळ्या जिवांचा तमाशा मांडता काय, असा त्यांच्यावर गहजब झाला. टोकियोहून परतल्यानंतर, 1965 साली, त्यांनी बेप्पू येथे ‘ताइयो नो इए’ म्हणजे सूर्यगृह या नावाची कर्मशाळा काढली. दानधर्माऐवजी रोजगाराची संधी, असा तिचा बाणा. पुढे ओम्रॉन, सोनी, होंडा यांसारख्या कंपन्यांनी तिच्या भागीदारीत कारखाने घातले. बेप्पू हे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे गाव. तेथील रहिवाशांना सकाळी कामावर निघालेल्या, दुकानात हिशेब करणाऱ्या, स्नानगृहात शेजारी येऊन बसणाऱ्या अपंगांची सवय होऊन गेली. मॅरेथॉनच्या प्रस्थापित शर्यतीत चाकांच्या खुर्च्यांना नियमावर बोट ठेवून मज्जाव झाला, तेव्हा 1981 पासून ओइताने त्यांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू केली आणि ती आजही गावकऱ्यांच्या राबत्या हातांवर चालते. माझ्या मते 1964 च्या पॅरालिम्पिकचा सर्वांत घट्ट सामाजिक परिणाम टोकियोत शोधू नये, बेप्पूत शोधावा. आणि तोही स्पर्धेने नव्हे, तर स्पर्धेनंतर उभ्या राहिलेल्या पगारपत्रकाने घडविला.

राजधानीत काय झाले? जे झाले नाही ते आधी सांगितले पाहिजे. 1948 च्या जुलै महिन्यात स्टोक मँडेव्हिल येथे सोळा जणांची धनुर्विद्येची पहिली स्पर्धा झाली, आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सुप्रजननाच्या नावाखाली अपंगांच्या सक्तीच्या वंध्यीकरणास मुभा देणारा कायदा जारी झाला. तो 1996 पर्यंत अमलात होता. म्हणजे योयोगीत राजकुटुंब टाळ्या वाजवीत होते तेव्हाही शस्त्रक्रियेची ती फर्माने सुटतच होती. सुमारे पंचवीस हजार माणसे त्या कायद्याखाली वंध्य करण्यात आली, आणि तो मुळातच घटनाबाह्य होता असा निर्वाळा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 2024 च्या जुलैमध्ये. उत्सवात पाहुण्या अपंगांचे कौतुक आणि दफ्तरात घरच्या अपंगांचा हा जमाखर्च, या दोहोंत विसंगती आहे असे त्या वेळी फारसे कोणास वाटले नाही.

ज्यांना वाटले ते स्वतः अपंग होते. मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या माणसांची ‘आओइ शिबा नो काइ’ ही संघटना 1957 साली टोकियोत स्थापन झाली होती. शेजारच्या कावासाकी शहरात चाकांच्या खुर्चीसह बसमध्ये चढण्यास कंपन्या मनाई करीत. सोबतीस कोणी असावे, खुर्चीची घडी घालावी, अशा अटी सांगत. 1977 च्या एप्रिलमध्ये संघटनेची मंडळी, कोणी रांगत, कोणी इतरांच्या हातांवर उचलले जात, एकदमच अनेक बसगाड्यांत चढली आणि उतरेनात. गाड्या तासन्‌तास खोळंबल्या. कामावर निघालेले रहिवासी संतापले, वर्तमानपत्रांनीही हुल्लडीचा ठपका ठेवला. पॅरालिम्पिकला तेरा वर्षे होऊन गेली होती. ज्या महानगरी परिसराने परदेशी खुर्च्यांसाठी फळ्या अंथरल्या, त्याच परिसरात देशी खुर्चीला बसची पायरी चढावयाची तर वाहतूक बंद पाडावी लागत होती. आज टोकियोच्या बसचा चालक उतरून उताराची फळी लावून देतो तेव्हा बसमधील प्रवासी त्या सोयीचे श्रेय ऑलिम्पिक-पॅरालिम्पिकच्या खाती जमा करून मोकळे होतात. त्यातला निम्मा वाटा तरी कावासाकीच्या त्या तापट सकाळीस मिळावयास हवा.

पायाखालच्या पिवळ्या फरशांची कथाही अशीच आडवळणाने आलेली. ओकायामा येथील सेइइची मियाके या, पांथस्थांचे उतारगृह चालविणाऱ्या गृहस्थाने अंधांसाठी उंचवट्यांची फरशी कल्पिली आणि 1967 च्या मार्चमध्ये तेथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसविण्यात आली. पुण्या-मुंबईच्या मेट्रोच्या फलाटांवर ज्या पिवळ्या पट्ट्यांवर आपण बिनदिक्कत सामान ठेवून उभे राहतो, त्या याच फरशीच्या वंशातल्या.

पुढे नागानोचे हिवाळी पॅरालिम्पिक 1998 साली झाले, 2000 साली स्थानके आणि वाहने अडथळामुक्त करण्याचा कायदा झाला, 2006 साली तो इमारतींच्या कायद्यात विलीन होऊन व्यापक झाला. आणि 2013 च्या सप्टेंबरात टोकियोस पुन्हा यजमानपद मिळाले तेव्हा अपंगांच्या संघटनांच्या हाती एक खासे हत्यार आले. पाहुणे येणार, ही सबब सरकारी दफ्तरात सर्वांत लवकर पावते. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या तजविजींना मंजुऱ्या मिळू लागल्या. उद्वाहक बसले, फलाटांच्या कडेस सरकती दारे लागली, काही मार्गांवर फलाटाची कड उंचावून गाडी आणि फलाट यांमधील फट बुजत आणली गेली, आणि शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या नव्या गाड्यांत चाकांच्या खुर्चीसाठी सहा जागा आल्या.

या सोयींकडे रहिवासी कसे पाहतात हे पाहावयाचे तर फलाटावर थोडा वेळ उभे राहिले पाहिजे. खुर्चीवरचा प्रवासी तिकीटदारापाशी येऊन उतरावयाचे स्थानक सांगतो. रेल्वेचा कर्मचारी घडीची फळी काखेत मारून त्याच्यासोबत निघतो, कोणत्या डब्याच्या कोणत्या दारातून चढवावयाचे ते ठरवितो, पलीकडच्या स्थानकास दूरध्वनीवरून गाडी, डबा आणि दार यांचा तपशील कळवितो, गाडी थांबताच फळी टाकतो, प्रवासी आत जाताच ती उचलतो, आणि इशारा करतो. पलीकडे त्याच दारासमोर दुसरा कर्मचारी दुसरी फळी घेऊन उभा असतो. हा विधी इतका चोख आहे की परदेशी पाहुणा थक्क होतो. नेहमीच्या प्रवाशास तो कर्तव्यदक्षतेचा नमुना वाटतो. पण खुर्चीवरच्या माणसास विचाराल तर पलीकडून निरोप येईपर्यंत दोन-तीन गाड्या डोळ्यांदेखत सोडाव्या लागतात, वाटेत मन बदलून मधल्याच स्थानकावर उतरता येत नाही, आणि घरून निघताना साऱ्या जगाला आपला बेत कळवावा लागतो. एकाच फळीला दोन बाजूंनी पाहणारे हे दोघेही टोकियोचेच रहिवासी, आणि पाहणीच्या कागदावर दोघांचेही उत्तर ‘सोयी सुधारल्या’ असेच पडते.

उद्वाहकांचीही तीच कथा. बहुतेक स्थानकांत आता पायऱ्यांवाचून जाण्याचा एक मार्ग आहे. पण एकच, आणि तो बहुधा आपणांस हव्या त्या दाराच्या उलट्या टोकास. त्यापुढे बाबागाड्या, प्रवासी पेट्या आणि वृद्ध यांची रांग लागलेली असते. या रांगेतील प्रत्येकाचे मत पॅरालिम्पिकविषयी अनुकूल आहे, कारण त्याची दमछाक वाचली. आणि त्या रांगेमुळे ज्याला तीनदा भरलेला उद्वाहक सोडावा लागतो तो त्याच रांगेत मागे उभा असतो. म्हाताऱ्या होत चाललेल्या या देशात अपंगांच्या नावाने झालेला खर्च सर्वांच्या गुडघ्यांस उपयोगी पडला, आणि म्हणूनच तो लोकांना खुपला नाही, असे मला वाटते. नव्या घडणीच्या उंच टॅक्सींचा अनुभव मात्र कडवट ठरला: उताराची फळी जोडण्याची रीत आरंभी इतकी वेळखाऊ होती की चालक खुर्ची दिसताच गाडी पुढे काढीत, आणि कारखानदारास ती रचना पुढे सुधारावी लागली.

शासनाने याच काळात ‘मनाची अडथळामुक्ती’ ही घोषणा केली. दगडमातीपेक्षा मनांचे काम स्वस्त पडते, म्हणून असल्या घोषणा शासनांना प्रिय असतात. पण या मनांचा ठाव घेणाऱ्या गोष्टी स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेबाहेर घडल्या. 2016 च्या 26 जुलैस, टोकियोलगतच्या सागामिहारा येथील अपंगनिवासात तेथेच पूर्वी नोकरीस असलेल्या एका तरुणाने एकोणीस जणांची हत्या केली. तीव्र अपंग माणसे जगण्यास निरुपयोगी, हे त्याचे तत्त्वज्ञान. कुटुंबीयांच्या इच्छेवरून मृतांची नावे पोलिसांनी प्रसिद्ध केली नाहीत. त्या अनामिकतेतच नगराच्या मनाविषयी बरेच काही येऊन गेले: मारेकऱ्याचे नाव देशभर झाले, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना आपल्या घरी अपंग होता हे शेजारी कळू नये असे वाटावे, अशी परिस्थिती होती. 2021 साली सागामिहाराच्या नगरशासनाने पॅरालिम्पिकची ज्योत त्याच निवासात प्रज्वलित करण्याचे ठरविले. हेतू थोर होता. मृतांच्या नातलगांनी हरकत घेतली, आणि मे महिन्यात तो बेत बरखास्त करावा लागला. आमचे दुःख तुमच्या सोहळ्याचे इंधन नव्हे, हा त्या हरकतीचा मथितार्थ.

2018 साली आणखी एक भांडे फुटले. अपंगांना ठरावीक प्रमाणात नोकऱ्या देण्याचा कायदा खाजगी कंपन्यांस दंडासह लागू करणाऱ्या सरकारी खात्यांनीच आपल्या पटावर सुमारे साडेतीन हजार माणसे खोटीच अपंग म्हणून मांडली होती. चष्म्यावाचून अधू दिसणारेही त्या मखलाशीत सामावले. आणि 2021 च्या एप्रिलमध्ये, स्पर्धेस चार महिने उरले असता, चाकांच्या खुर्चीवरून हिंडणाऱ्या एका लेखिकेने उद्वाहक नसलेल्या एका लहान स्थानकावर उतरण्यासाठी रेल्वेकडे मदत मागितली, ती मिळविताना झालेला त्रास लिहून प्रसिद्ध केला, आणि तिच्यावर निंदेचा पाऊस पडला. आधी कळविले का नाही, कर्मचाऱ्यांचे आभार का मानले नाहीत, ही तिच्या टीकाकारांची तक्रार. विनम्र अपंगाविषयी सहानुभूती आणि हक्क मागणाऱ्या अपंगाविषयी चीड, हा कावासाकीचाच सूर चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा लागला होता.

स्पर्धा जवळ आली तेव्हा तर रहिवाशांचा कौल साफ विरुद्ध गेला, मात्र निराळ्या कारणाने. मे महिन्यात ‘असाही शिंबुन’ने घेतलेल्या मतकौलात त्रेचाळीस टक्के लोकांनी ऑलिम्पिक-पॅरालिम्पिक रद्द करा म्हटले, चाळीस टक्क्यांनी पुन्हा पुढे ढकला म्हटले, आणि उन्हाळ्यात भरवा म्हणणारे चौदा टक्के उरले. ऑगस्टच्या मध्यास टोकियोत एका दिवसात पाच हजारांवर बाधित निघत होते. उद्घाटनादिवशी हवाईदलाच्या विमानांनी आकाशात लाल, निळ्या आणि हिरव्या धुराच्या रेघा ओढल्या त्या पाहण्यास लोक पुलांवर आणि गच्च्यांवर जमले. तेवढाच काय तो नगराचा प्रत्यक्ष सहभाग. आत, रिकाम्या क्रीडागारात, एकच पंख असलेल्या लहानग्या विमानाची गोष्ट चाकांच्या खुर्चीवरच्या एका मुलीने रंगविली आणि ती लोकांनी घरी बसून पाहिली. आपल्याकडेही करमाळ्याच्या सुयश जाधवला पोहताना पाहण्यास आणि भारताच्या एकोणीस पदकांसाठी लोक असेच पडद्यापुढे बसले होते. क्रीडाग्रामात स्वयंचलित बसने रस्ता ओलांडणाऱ्या अंध जुदोपटूस धडक दिली आणि त्याची लढत हुकली. भविष्यकालीन नगराचा देखावा म्हणून जे वाहन मांडले होते, त्यास आंधळ्या पादचाऱ्यास धडकण्यापूर्वी थांबता आले नाही, यावर मी अधिक काही लिहीत नाही.

प्रेक्षक म्हणून मुभा होती ती शाळकरी मुलांना. राजधानीच्या शिक्षणमंडळाच्या तातडीच्या बैठकीत बहुसंख्य सभासदांनी या साथीत मुलांना नेऊ नये असे मत दिले, तरी महानगरशासनाने बेत सोडला नाही; बहुतेक विभागांनी आणि पालकांनी माघार घेतली, आणि शेवटी मोजक्या विभागांची मुले मुखपट्ट्या बांधून, ओरडण्याची मनाई असल्याने नुसत्या टाळ्या वाजवीत बसली. समारोपाच्या दिवशी खुर्चीवरच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात जपानी संघ अमेरिकेकडून साठ विरुद्ध चौसष्ट असा थोडक्यात हरला. या सामन्याची चर्चा पुढे बरेच दिवस चालली, आणि खेळाडूंना, प्रथमच, धैर्याचे नमुने म्हणून नव्हे तर खेळाडू म्हणून दाद मिळाली, हे नाकारता येत नाही.

नंतरच्या वर्षांत उत्सवाची आठवण नासली. एकूण खर्च 1 लक्ष 42 हजार कोटी येनांच्या वर गेला. 2022 च्या ऑगस्टात संयोजन समितीचा एक माजी पदाधिकारी लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटकेत पडला. सप्पोरोने हिवाळी ऑलिम्पिकचा दावा गुंडाळला. रहिवाशांच्या मनात ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक यांचा हिशेब एकाच वहीत असल्यामुळे थोरल्याच्या बदनामीचे शिंतोडे धाकट्यावरही उडाले. त्यातूनही काही टिकले. बोच्चा हा चामडी चेंडूंचा, बसल्या बसल्या खेळता येणारा खेळ, हिदेताका सुगिमुरा यांनी सुवर्णपदक जिंकल्यावर शाळांत आणि वृद्धांच्या मंडळांत फैलावला. आजोबा आणि नात एकाच रेषेमागे बसून तो खेळतात. उलट खुर्चीवरच्या रग्बीसाठी सार्वजनिक व्यायामशाळा मागावयास गेले की जमिनीवर ओरखडे उठतील ही जुनी सबब अजूनही ऐकू येते. विजेत्या संघाचे छायाचित्र भिंतीवर आणि सरावाचा अर्ज नामंजूर, असाही प्रकार घडू शकतो.

2025 च्या नोव्हेंबरात टोकियोने बधिरांचे ऑलिम्पिक भरविले, तेही विनामूल्य प्रवेशाने, आणि प्रेक्षकांना हातांच्या हालचालींनी प्रोत्साहन देण्याची रीत शिकविण्यात आली. यजमानपदाची हौस अशी कायम आहे. परंतु मधल्या काळात, 2022 च्या ऑगस्टात, पॅरालिम्पिकला वर्ष होत असताना, संयुक्त राष्ट्रांच्या समितीने अपंगांच्या हक्कांविषयी जपानची झडती घेतली आणि सप्टेंबरात शिफारस केली की, अपंग मुलांसाठी वेगळ्या शाळा काढून त्यांना बाजूला ठेवणारी पद्धत संपवावी, आणि माणसांना निवासांतून समाजात आणावे. शिक्षणमंत्र्यांनी तत्काळ खुलासा केला की विशेष शिक्षण बंद करण्याचा शासनाचा विचार नाही. पालकांपैकी अनेकांना हा खुलासा दिलाशाचा वाटला, कारण साध्या शाळेत आपल्या मुलाकडे कोण पाहील ही त्यांची धास्ती खोटी नाही. अपंगांच्या संघटनांना तो अपेक्षितच वाटला. ज्या मुलांना टाळ्या वाजविण्यासाठी क्रीडागारात नेले होते, त्यांतली बहुतेक ज्या वर्गांत परत गेली तेथे खुर्चीवर येणारे मूल क्वचितच आढळते. आणि विशेष शाळांचा पट त्या वर्षीही वाढला.